मागीलदार

आमच्या बाहेरच्या खोलीत एक समुद्र आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद नि दीड फूट उंच. घरी आलेला माणूस, मग तो विम्याचा हप्ता मागायला आलेला असो की मुलाचे गुण वाढवून मागायला, प्रथम त्याच्यापुढे उभा राहतो. निळसर उजेडात डोलणारे प्रवाळ पाहतो, त्यांच्यातून सुळकन जाणारे केशरी मासे पाहतो आणि आपण कशासाठी आलो होतो ते क्षणभर विसरतो. (विमेवाला क्षणभरच विसरतो.) पण या समुद्राच्या मागे, भिंतीतल्या फळीवर, दुसरी एक लहान काचपेटी आहे. तिच्यात हिरवा गुंता, थोडे खडे आणि गाळ यांखेरीज काही दिसत नाही. तिच्याकडे कोणी पाहत नाही. चुकून नजर गेलीच, तर “ही साफ करायची राहिली वाटते?” असे विचारतात. मी “हो” म्हणतो. प्रत्येकाला सगळे सांगत बसायला वेळ नसतो. दिवाळीच्या सुटीत वाचकांना वेळ असतो असे धरून आज सांगतो.

मासे पाळणे हा माझा छंद नव्हे. मी मराठीचा मास्तर; मासा मला पाठ्यपुस्तकात आणि ताटात, अशा दोनच ठिकाणी माहीत. पण रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. ते पाहून आली त्या दिवसापासून आमच्या धाकटीने घरात समुद्र हवा असा हट्ट धरला. बापाने एखादा हट्ट तरी पुरवावा, म्हणून मी हो म्हटले.

समुद्रकाठच्या माणसाला समुद्र फुकट मिळेल, ही माझी पहिली समजूत. ती पहिल्या पावसात वाहून गेली. आषाढात काजळी नदी भाट्याच्या खाडीवाटे तांबडे पाणी आणून ओतू लागली, की किनाऱ्यावरच्या पाण्याचे खारेपण आणि नितळपण दोन्ही जाते. तेव्हा समुद्राच्या हाकेवर राहणारा मी, मुंबईहून मिठाची पिशवी मागवतो आणि गाळलेल्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मापाने कालवून समुद्र तयार करतो. शेजारी हसतात. दगडांचीही तीच गत. मालवणच्या किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, पण त्याला हात लावता येत नाही, आणि लावू नयेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळाला वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. म्हणून आमचे दगड बनावट. त्यांच्यावरचे मऊ जातीचे प्रवाळ तेवढे खरे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंबईला स्वतःच्या टाकीत वाढवून त्यांची कलमे दिली. आंब्याची कलमे देणाऱ्या गावाने प्रवाळाची कलमे घेतली, एवढेच.

सहा महिने बरे गेले. मग मी मुंबईच्या एका दुकानात मँडरिन पाहिला.

हा मासा बोटाएवढा. मुलूख पश्चिम पॅसिफिकचा. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपासून फिलिपाइन्स, इंडोनेशियावरून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत. नाव चिनी दरबारच्या सरदारांच्या भरजरी झग्यांवरून पडले. मला मात्र तो पाहताक्षणी पैठणी आठवली. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे, हिरवी झाक, आणि काठपदर वेगळे. प्राण्यांच्या जगात निळा रंग बहुधा उजेडाची करामत असते. मोराच्या पिसातला निळा कुटून काढू म्हटले तर हाती काळपट भुकटी येईल. या माशाच्या कातडीत मात्र खराखुरा निळा रंग भरलेल्या पेशी आहेत. असे प्राणी फार थोडे. हे मी नंतर वाचले. त्या दिवशी मी फक्त दुकानदाराला विचारले, “खातो काय?” तो म्हणाला, “सगळे खातो.”

या दोन शब्दांवर मी विसंबलो.

पहिला महिना तो दगडांवरून फिरत सारखा काहीतरी टिपत असे, अंगणात कोंबडी टिपते तसा. आम्ही वरून टाकलेले कण त्याच्या नाकावरून घसरून जात. तो ढुंकूनही पाहत नसे. आम्हांला वाटले, लाजतो आहे. दुसऱ्या महिन्यात पोट आत गेले नि डोक्यामागे खळगा पडला. मी दुकानदाराला फोन केला, त्याने दुसरे खाद्य सांगितले; ते आणले, तेही नाकावरून घसरले. तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी तो वाळूवर आडवा पडला होता. रंग सगळे जिथल्या तिथे होते. धाकटीने विचारले, “बाबा, तो आजारी होता का?” मी म्हणालो, “नाही.” ती म्हणाली, “मग?”

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला माणसे मारायची सवय असते. प्रकरण रेंगाळू लागले की एखादा म्हातारा आम्ही खुशाल मारतो. पण त्या ‘मग’ला जे उत्तर होते ते लिहायची हिंमत मला अजून झालेली नाही. तो तीन महिने भरल्या घरात उपाशी होता.

त्याच सुमारास आई कायमची आमच्याकडे राहायला आली. राजापूर तालुक्यातले आमचे घर वडिलांच्या मागे तिने सात वर्षे एकटीने सांभाळले. शेवटी एका पावसाळ्यात वळचणीकडची भिंत बसली आणि ती दोन ट्रंका नि एक फणसाचा पाट घेऊन आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली. आली तेव्हा ठणठणीत होती. तीन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. जेवायला हाक मारली की येई, ताटावर बसे, दोन घास घेई आणि “पुरे हो” म्हणून उठे. डॉक्टरांनी सगळे तपासले. कशातच काही नव्हते. बायको रोज नवे काही करून बघत होती, आणि मी रोज, मास्तराच्या आवाजात, “आई, जेवायला पाहिजे” असे सांगत होतो.

मँडरिन मेल्याचे मी त्या जुन्या विद्यार्थ्याला फोनवर कळवले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, रागावू नका. त्याला भूक नव्हती असे नाही. तुम्ही टाकत होता ते अन्न आहे, हेच त्याला कळत नव्हते. तो दिवसभर दगडावरचे जिवंत किडे टिपणारा प्राणी. तुमची टाकी सहा महिन्यांची. होते ते किडे त्याने महिन्याभरात संपवले, उरलेले बाकीच्या माशांनी. आधी त्या किड्यांना राहायला जागा हवी होती, जिथे त्यांना कोणी खाणार नाही.”

त्या जागेला रेफ्युजियम म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ आसरा. मोठ्या टाकीतले पाणी एका लहान पेटीतून फिरवून परत आणायचे. लहान पेटीत शेवाळ लावायचे, मासा एकही सोडायचा नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये तिथल्या संग्रहालयात जिवंत प्रवाळाचा एक तुकडा लोकांना दाखवला, तो यंत्रांपेक्षा शेवाळाच्या जोरावर. पुढे १९९१ मध्ये कॅरन लव्हलंड यांच्याबरोबर त्यांनी ‘डायनॅमिक अक्वेरिया’ हा ग्रंथ लिहिला, त्यात या आसऱ्याच्या पेट्यांचा विचार आहे. हे सारे मी घरात रात्री जेवताना सांगत होतो. आईने फक्त ‘रेफ्यु’ एवढे ऐकले. “फाळणीतले?” तिने विचारले. धाकटी हसू लागली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले: पाण्यात माशांची घाण साचते, तिचे होता होता नायट्रेट बनते, शेवाळ ते खाऊन वाढते, वाढलेले शेवाळ आपण कापून टाकले की घाण घराबाहेर गेली. त्याच शेवाळात किडे होतात, ते पाण्याबरोबर पुढच्या टाकीत जातात, मासे ते खातात.

“म्हणजे मागीलदार,” आई म्हणाली आणि ताटावरून उठली.

देशावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. कोकणातल्या घराला पुढे अंगण असते. तिथे तुळस, मांडव आणि पाहुणे. मागच्या दाराबाहेर जे असते ते मागीलदार. मोरीचे पाणी तिथे पन्हळीने जाते आणि त्या पाण्यावर अळू नि केळी माजतात. खरकटे तिथेच, राख तिथेच, कोंबड्या तिथेच. पाहुण्याला मागीलदार दाखवत नाहीत, पण अळवाचे फतफते त्याच्या पानावर तिथूनच येते. मी तासभर घोकून सांगितलेली गोष्ट आईने एका शब्दात सांगितली, आणि आमच्या घरात त्या पेटीचे नाव तेच पडले.

पेटी फोटोच्या चौकटी करणाऱ्या काचवाल्याकडून करून घेतली. दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद, फूटभर उंच; तीसेक लिटर पाणी मावते. भोक पाडताना पहिली काच तडकली, तिचे पैसे त्याने घेतले नाहीत. बरेच लोक ही पेटी टाकीच्या खाली कपाटात ठेवतात. मी वर ठेवली, कारण वर असली की पाणी आपल्या ओझ्याने टाकीत उतरते आणि किड्यांना पंपाच्या पात्यातून जावे लागत नाही. खालच्या पंपाच्या नळीला एक फाटा काढून त्यातून पाणी वर चढवले, तोटीने त्याची धार करंगळीएवढी केली. आसऱ्याच्या जागी पाण्याची घाई नको. पेटीच्या वरच्या अंगाला टँक निपल बसवून त्यातून पाणी पुढच्या टाकीत सोडले. वर चढणाऱ्या नळीला, पाण्याच्या पातळीशी, सुईएवढे भोक ठेवावे लागते. नाहीतर वीज गेली की पंप थांबतो आणि तीच नळी उलटी होऊन वरचे पाणी खाली ओढू लागते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको.

ते भोक मी लक्षात ठेवले. निपलाच्या तोंडावर जाळी लावायची विसरलो. चौथ्या दिवशी शेवाळाचा झुबका तोंडात अडकला, पाणी काठावरून ओसंडले आणि खाली फळीवर नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या. त्या दोरीवर वाळत घातल्या. वाळल्यावर त्यांना पांढरे मिठाचे काठ आले. एका मुलाने कागद चाटून पाहिला, असे मला वर्गात कळले. त्या परीक्षेत मी कोणालाही नापास केले नाही.

शेवाळाच्या निवडीत मी दुसरी चूक केली. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहाटे सहाच्या सुमारास मोठी सुकती लागते. कातळातल्या डबक्यांतून एरवी न दिसणारे रान उघडे पडते. तिथे मला कॉलर्पा मिळाली. रांगत जाणारा देठ आणि त्यावर पिसासारखी हिरवी पाने. इतकी देखणी की पेटीत लावल्यावर पाहुणेसुद्धा तिच्याकडे पाहू लागले. हिची गंमत अशी की ती हातभर वाढली तरी सगळी मिळून एकच पेशी असते. आत भिंत म्हणून नाही. चार महिने ती वाढत होती आणि मी कौतुकाने कापायची टाळत होतो. एका पहाटे उठलो तर सगळा समुद्र ताकासारखा पांढरा. कॉलर्पाला कधी कधी अशी लहर येते: रातोरात अंगातले सगळे सत्त्व बीजरूपाने पाण्यात सोडते आणि मागे फिकट सालपट ठेवते. ते सगळे कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे वर येऊन तोंडे वासत होते. तयार असलेले तीन बादल्या खारे पाणी बदलले, धाकटी अर्धा तास फुगे सोडणाऱ्या पंपाची नळी धरून उभी राहिली. एक झिंगा आणि एक निळा मासा गेला. बाकीचे वाचले.

या वनस्पतीचा दुसरा पराक्रम मग वाचला. १९८४ मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात तिच्या एका जातीचा चौरस मीटरभर तुकडा दिसला. मत्स्यालयात शोभेला ठेवलेली ही जात पाण्याबरोबर बाहेर पडली होती. पुढे ती भूमध्य समुद्रात फ्रान्स, इटली, स्पेनच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर पसरली. २००० मध्ये कॅलिफोर्नियात सापडली तेव्हा त्यांनी तिला ताडपत्रीखाली झाकून क्लोरिनने मारले आणि २००६ पर्यंत संपवली. म्हणून टाकीतले काहीही मी समुद्रात टाकत नाही, समुद्रातून आणलेलेसुद्धा.

आता पेटीत आहे ती कीटोमॉर्फा. विद्यार्थ्याने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईहून पाठवली. दिसायला नायलॉनच्या हिरव्या दोऱ्याचा गुंता. ना मूळ, ना पान, ना देखणेपण. पण लहरी नाही. पंधरा दिवसांनी मूठभर उपसून काढतो. आई ते शेवाळ माडाच्या मुळात घालायला लावते. माडाला मीठ चालते, हे तिला मी शिकवायची गरज नव्हती. सुरुवातीला नायट्रेटची चाचणी गडद लाल यायची, चाळीसच्या घरातली. सात-आठ महिन्यांत ती पाचावर आली.

या पेटीला दिवा रात्री लावतात. पुढची टाकी झोपली की मागची जागी करायची. कारण असे की अंधारात सगळेच जीव श्वास सोडत राहतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याची आम्लता वाढते. मागे दिव्याखाली शेवाळ जागे असले तर ते हा वायू खात राहते आणि पहाटेची घसरण कमी होते. दिवा साधाच, पांढरा, दहा वाजता लागतो नि सकाळी सहाला विझतो. त्यामुळे बाहेरच्या खोलीत रात्रभर हिरवट उजेड असतो. आईला झोप कमी. ती त्या उजेडात येऊन बसू लागली.

किडे प्रथम तिनेच पाहिले. मी दोन आठवडे पाहत होतो आणि मला धुळीखेरीज काही दिसले नव्हते. तिने वडिलांचे पंचांग वाचायचे भिंग आणले आणि एका पहाटे मला उठवून म्हणाली, “अरे, धूळ उलटी पोहते का?” ते कोपेपॉड होते. पुरता वाढलेला जीव मिलिमीटरभराचाही नसतो. वल्ह्यासारखे पाय, कपाळावर एकच डोळा, आणि माद्यांच्या पोटाशी अंड्यांची पोटली. काचेवरून ते झटक्याझटक्याने धावतात. अंड्यातून निघालेले पिल्लू आईसारखे दिसतही नाही. सहा वेळा कात टाकते तेव्हा जरा रूप येते. आईला हे फार आवडले. “आमचेही सहा झाले असते,” ती म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. आम्ही दोघे भावंडे वाचलो.

याच दिवसांत केव्हातरी बायकोने आईला जेवायला वाढणे बंद केले. मी चिडलो, तर मला स्वयंपाकघराबाहेर नेऊन म्हणाली, “अहो, तुम्ही बघत राहू नका.” मग मला दिसू लागले. मागच्या गॅलरीत, आईच्या हाताला येतील असे, तीन-चार डबे उघडेच असत. एकात भाजलेले काजू, एकात आमसुले, एकात फणसाची साठे, वाटीत उकडलेल्या आठळ्या. कुंडीत कढीलिंब, मिरची. कोणी “घ्या” म्हणत नसे. डबा रिकामा झाला तर भरला जाई, एवढेच. गावच्या घरी आई पंगतीत कधी बसली होती? सगळ्यांची पाने उठेपर्यंत मागीलदारी तिचे येताजाता, उभ्या उभ्या, दिवसभर तोंड चालू असे. ताटावर ती नावाला टेकायची. हे मी चाळीस वर्षे पाहिले होते. ही युक्ती तुला कुठून सुचली, असे मी बायकोला विचारले नाही. फोनवरचे बोलणे तिने ऐकले असेल, किंवा नसेलही.

पेटीला वर्ष होत आले तेव्हा त्या विद्यार्थ्याला परदेशी नोकरी लागली. टाकी मोडायची होती. “सर, मँडरिन तुम्ही घ्याल?” त्याने विचारले. मी नाही म्हटले. मग त्याच्याकडून दोन महिन्यांची मुदत घेतली आणि रोज रात्री अकराला, पुढच्या टाकीचे दिवे विझल्यावर तासाभराने, विजेरी लावून काचेच्या एका ठरावीक चार बोटे चौकोनात किती किडे धावतात ते मोजू लागलो. पहिल्या आठवड्यात सहा-सात. नंतर बारा. महिन्याच्या शेवटी वीसच्या खाली एकदाही आले नाहीत. जाणकार म्हणतात की या माशाला टाकी आमच्या दीडपट तरी हवी, आणि ते खरे आहे; मागच्या पेटीने मी ती तूट भरून काढू पाहतो आहे, भरली आहे असे म्हणत नाही.

फेब्रुवारीत मी त्याला थर्मोकोलच्या खोक्यात, कोकण रेल्वेने, मांडीवर घेऊन आलो. धाकटीने पहिले दोन दिवस त्याच्याशी ओळख ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारले, “हा टिपतो आहे ना?” तो टिपत होता. अजून टिपतो. पोट गोल आहे. श्रावणात वीज वारंवार गेली तेव्हा आठवडाभर मोजणी आठ-नऊवर आली आणि आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मग पुन्हा वर गेली.

मोजायचे काम आता आईकडे आहे. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला. परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो. पेटीच्या हिरव्या उजेडात ती पाटावर बसली होती, भिंग पुढच्या टाकीच्या काचेला टेकलेले, दुसरा हात मांडीवरच्या डब्यात.

“आज किती?” मी विचारले.

“मोजू देशील तर सांगेन,” ती म्हणाली.